एका ‘चार्ज’चा भार

वाचकहो, आमच्या वस्तीत एकदा चार्जशीटचे पेढे वाटले गेले होते. हसू नका. ते पेढे आम्हीही खाल्ले आहेत आणि पेढा तोंडात असताना अभिनंदनही केले आहे. रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द घेऊन त्याची चौकशी करायची, असा या सदराचा शिरस्ता आहे. आज आम्ही ‘चार्ज’ हा शब्द घेतला आहे, आणि त्याची चौकशी आमच्याच चुकीपासून सुरू होते.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. सारी वस्ती त्यांना भाऊ म्हणते, आम्हीही तेच म्हणू. भाऊ एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये हेल्पर. तिथले स्टोअरकीपर निवृत्त झाले. नवा माणूस काही आला नाही. साहेबांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, “भाऊ, तूर्त तुम्हीच चार्ज सांभाळा.” ना पत्र, ना पगारवाढ, ना मालाची यादी. किल्ल्यांचा जुडगा मात्र हाती आला. भाऊंचा ऊर भरून आला. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्याच्या हुकमाने खोकी उचलली, त्यांच्या कमरेला आज किल्ल्या होत्या. घरी आल्यावर ते वहिनींना म्हणाले, “चार्ज मिळालाय. आता पत्रही येईल.”

चार महिन्यांनी खरेच पत्र आले. लांब लिफाफा, आत इंग्रजीत टाईप केलेली दोन पाने आणि वर ठळक अक्षरांत दोन शब्द. नववीतल्या मुलाने ते मोठ्याने वाचले. शीट म्हणजे कागद, हे त्याला शाळेत शिकवले होते. चार्ज म्हणजे काय, हे त्याने घरात चार महिने ऐकले होते. त्याने दोन्हींची बेरीज केली आणि ओरडला, “बाबा, तुमचा चार्जचा कागद आला!” वहिनींनी लगेच कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो पेढे आणले. आम्ही कामावरून येत होतो. मुलाने कागद पुढे धरला. आम्ही वरच्या दोन शब्दांवरून नजर फिरवली, पेढा घेतला, भाऊंना म्हणालो, “अभिनंदन!” आणि घरी गेलो. चार लोकांत आम्हाला इंग्रजी येते असा लौकिक आहे. त्या लौकिकानेच आमचे डोळे झाकले, असे आज वाटते.

पाचव्या दिवशी वहिनींचे थोरले बंधू नातीच्या नामकरणाचे बोलावणे घेऊन आले. ते रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, युनियनमध्ये हयात घालवलेले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पाने शेवटपर्यंत वाचली आणि खाली ठेवली.

“दाजी, पेढे कशाचे वाटले?”

“चार्ज मिळाला म्हणून.”

“चार्ज मिळाला नाही, चार्ज ठेवलाय. दोन पेट्या माल कमी भरला म्हणतात. तुमच्या ताब्यात होता म्हणून तुमच्यावर आरोप आहे. सात दिवसांत खुलासा मागितलाय, त्यातले पाच गेले.”

घरात कोणी बोलेना. मुलगा मोरीपाशी जाऊन उभा राहिला. त्याचा काय दोष? तोच शब्द, तीच अक्षरे. साहेबांच्या तोंडी तो विश्वास होता, कागदावर तो आरोप झाला. एकच शब्द माणसाला खांद्यावर घेतो आणि तोच त्याला खाली पाडतो, हे कसे?

त्यासाठी या शब्दाचे मूळ पाहिले पाहिजे. लॅटिन भाषेत ‘कारस’ म्हणजे चाकांचा गाडा. हा शब्द रोमन लोकांनी गॉल प्रांतातल्या लोकांकडून उचलला. गाड्यावर माल लादण्याच्या क्रियेला पुढे ‘कारिकारे’ म्हणू लागले. तो शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून घासत घासत इंग्रजीत आला आणि ‘चार्ज’ झाला. पहिला अर्थ एवढाच, की ओझे लादणे. मोटारीला आपण कार म्हणतो तीही याच गाड्याची लेक, आणि जहाजावरचा माल म्हणजे कार्गो हाही याच घराण्यातला.

ही किल्ली हाती आली की शब्दाची सगळी कुलपे उघडतात. जबाबदारीचे ओझे लादले, तो पदाचा चार्ज. पैशाचे ओझे लादले, तो बिलातला चार्ज. दोषाचे ओझे लादले, तो आरोप. तोफेत किंवा बंदुकीत दारू ठासली, म्हणजे तिच्यावर भार चढवला, तोही चार्ज. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी काचेच्या बरण्यांत वीज साठवण्याचे प्रयोग केले, तेव्हा त्यांनी तोफखान्यातले शब्द विजेला दिले. वीज भरणे म्हणजे चार्ज करणे, आणि अनेक बरण्या एकत्र जोडल्या की ती बॅटरी. बॅटरी म्हणजे मुळात तोफांची रांग. रात्री उशाशी मोबाईल चार्जिंगला लावताना आपण तोफखान्याचीच भाषा बोलत असतो.

शत्रूवर तुटून पडण्यालाही चार्ज म्हणतात. असा सर्वात गाजलेला हल्ला २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातील बालाक्लाव्हा येथे इंग्रजांच्या घोडदळाने केला. टेकडीवर उभ्या असलेल्या सेनापतीने चिठ्ठी पाठवली, की शत्रू तोफा नेत आहे, त्याला अडवा. कोणत्या तोफा, ते चिठ्ठीत नव्हते. सेनापतीला उंचावरून एक तोफा दिसत होत्या, खाली दरीत असलेल्या घोडदळाला दुसऱ्याच. सुमारे साडेसहाशे स्वार चुकीच्या तोफांवर सरळ चालून गेले आणि त्यांतले शंभरावर जागीच मेले. कागदावर शब्द होता, पण त्याचा अर्थ कोणी कोणाला विचारला नाही.

आपल्याकडे या अर्थाचा चार्ज लाठीला चिकटला. वर्तमानपत्रात ‘सौम्य लाठीचार्ज’ असे छापून येते. ज्यांची पाठ त्या दिवशी तिथे होती, त्यांना त्यातला सौम्य हा शब्द कधी कळला नाही.

आता घरातलाच फेरफटका मारू. विजेचे बिल काढा. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशा ओळी असतात. आमच्या आत्याबाईंनी एकदा विचारले होते, “वीज डोळ्यांना दिसत नाही, मग तिला आकार कुठला?” प्रश्न वेडगळ नाही. इंग्रजीतल्या चार्जला इथे मराठीत ‘आकार’ म्हटले आहे, आणि आपल्या ‘आकार’चेही दोन अर्थ आहेत. वीज तारांतून वाहून आणण्याचे पैसे म्हणजे वहन आकार. त्याच्या इंग्रजी नावात चाक आहे. म्हणजे हजारो वर्षांनी शब्द पुन्हा गाड्याच्या चाकाशी आला आणि ओझे आपल्या खिशावर पडले.

बँकेचे पासबुक पाहा. खात्यात ठराविक शिल्लक राहिली नाही म्हणून चार्ज लागला, असे घरकाम करणाऱ्या भगिनी आम्हाला सांगतात. त्यांनी बँकेत मूलभूत बचत खात्याबद्दल विचारावे. जनधन खातेही याच प्रकारचे. अशा खात्याला किमान शिल्लक ठेवण्याची अट नसते. आणि दुकानावर ‘फ्री ऑफ चार्ज’ असे लिहिलेले असेल, तर तिथे चार्ज म्हणजे दाम. काही घेणार नाही असे सांगत असतील, तरी खालची बारीक अक्षरे वाचावीत.

कामाच्या ठिकाणी या शब्दाची वस्ती फारच दाट आहे. अंबरनाथ, खडकी, वरणगाव, अंबाझरी येथील दारूगोळ्याच्या कारखान्यांत आपली कितीतरी माणसे राबली. तिथे ‘चार्जमन’ ही पायरी असते. कुशल कामगाराच्या वर आणि फोरमनच्या खाली. ज्याच्यावर कामाचा भार तो चार्जमन. बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांत ‘वर्कचार्ज’ कामगार असत. तिथे चार्ज म्हणजे खर्च कोणत्या खाती टाकायचा ते. त्यांचा पगार खात्याच्या कायम आस्थापनेवर न टाकता त्या त्या कामाच्या खर्चात टाकला जाई. धरण संपले की खर्चाचे खाते संपले, आणि माणूस उघड्यावर. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील अशा कामगारांच्या प्रकरणात, कायम होण्यापूर्वीची वर्कचार्ज सेवाही निवृत्तिवेतनासाठी मोजा, असा निकाल दिला. हिशेबाच्या वहीतला एक शब्द माणसाच्या म्हातारपणीच्या भाकरीपर्यंत जातो, तो असा.

याच शब्दाला ‘डिस्’ जोडला की ओझे उतरते. पण कोणाचे उतरते, ते पाहावे लागते. आमच्या आत्याबाई पायाच्या जखमेसाठी दवाखान्यात होत्या. नर्सबाईंनी विचारले, “डिस्चार्ज आहे का?” आत्याबाई उठून बसल्या, पिशवी जवळ ओढली आणि म्हणाल्या, “हो बाई, आजच द्या, घरी म्हैस आटायला लागलीय.” नर्सबाई जखमेतून पू येतो का ते विचारत होत्या. आत्याबाईंनी हो म्हटल्यामुळे त्यांचा मुक्काम चार दिवसांनी वाढला.

दवाखान्याचा डिस्चार्ज मिळाला की घरात आनंद. बॅटरी डिस्चार्ज झाली की अंधार. न्यायालयाने आरोपीला डिस्चार्ज केले, म्हणजे खटला चालवण्याइतकाही आधार दिसला नाही म्हणून त्याला सुरुवातीलाच सोडले. आणि कारखान्याच्या कागदावर डिस्चार्ज असेल, तर नोकरी गेली. मालकाचे ओझे उतरले, ते कामगाराच्या चुलीवर येऊन पडले.

पोलीस ठाण्याच्या बाबतीतही आपल्या घरांतून फार गोंधळ होतो. “त्याच्यावर चार्जशीट झाली” एवढे कानी आले की लोक सोयरीक मोडतात. वाचकहो, पोलिसांनी तपास करून न्यायालयात अहवाल दिला, त्याला आपण चार्जशीट म्हणतो. त्यानंतर आरोप ठेवण्याजोगे काही आहे का, ते न्यायाधीश पाहतात. असेल तर आरोप निश्चित होतात, ती दुसरी पायरी. साक्षीपुरावे होऊन निकाल लागतो, ती शेवटची. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, पण या पायऱ्या कायम आहेत. चार्जशीट म्हणजे शिक्षा नव्हे. पहिल्या पायरीवरच्या माणसाला शेवटच्या पायरीवर नेऊन बसवू नका.

संविधानाच्या इंग्रजी प्रतीतही हा शब्द भेटतो, आणि तिथेही त्याची दोन रूपे दिसतात. कलम ११२ मध्ये काही खर्च भारताच्या संचित निधीवर ‘चार्ज्ड’ आहे असे म्हटले आहे. राष्ट्रपतींचे वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, सरकारी कर्जाचे व्याज हा तो खर्च. कलम ११३ प्रमाणे त्यावर संसदेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. म्हणजे एखाद्या निकालाने सरकार रागावले, तरी मत टाकून न्यायाधीशाचा पगार रोखता येत नाही. आपल्या राज्याच्या अर्थसंकल्पात अशा खर्चाला मराठीत ‘भारित’ म्हणतात. पाहा, मराठीनेही नेमका भारच उचलला. कार्यभार, प्रभारी, विद्युत प्रभार या सगळ्या शब्दांत तोच आहे.

दुसरे रूप कलम ३११ मध्ये आहे. सरकारी सेवेतल्या माणसाला बडतर्फ करायचे, काढून टाकायचे किंवा खालच्या पदावर उतरवायचे, तर आधी चौकशी झाली पाहिजे. त्याच्यावरचे चार्जेस त्याला कळवले पाहिजेत आणि त्याबाबत आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी त्याला दिली पाहिजे. याला काही थोडे अपवाद त्याच कलमात आहेत, पण नियम हा आहे. तेव्हा आरोपाचा कागद हाती येणे ही नुसती आपत्ती नाही. कशासाठी दोष देता ते लिहून द्या आणि माझे ऐका, या हक्काचा तो पहिला कागद आहे. ज्यांच्या वाडवडिलांना कोणत्याही कागदाशिवाय शिक्षा होत आल्या, त्यांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

कारखान्यातल्या कामगारासाठीही असा पाया घातला गेला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा चार्ज बाबासाहेबांकडे होता. १९४६ चा स्थायी आदेश कायदा त्याच काळातला. कामाच्या अटी, गैरवर्तन कशाला म्हणायचे आणि शिक्षेपूर्वी काय करायचे हे लेखी असावे, असे त्याने ठरवले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे आणि तो कायदा तिच्यात सामावला गेला आहे. स्थायी आदेशांची तरतूद त्या संहितेत ३०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. तिथे चौकशी चालू असताना कामगाराला निलंबित केले, तर पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के निर्वाह भत्ता द्यावा लागतो. त्यापुढे, विलंब कामगाराच्या वागण्यामुळे झाला नसेल तर, ७५ टक्के. लहान कारखान्यातल्या कामगारांनी आपल्या नेमणुकीच्या अटी आणि युनियनचा सल्ला आधीच घेऊन ठेवावा. कागद आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते बरे.

आता पुन्हा भाऊंच्या घरी जाऊ. उरलेल्या दोन रात्री दाजींचे मेहुणे, भाऊ आणि आम्ही, असे तिघे एका दिव्याखाली बसलो. मेहुण्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “चार्ज घेताना माल मोजला होता?”

“नाही.”

“यादीवर कुणाची सही?”

“यादीच नव्हती. साहेब म्हणाले सांभाळा, मी सांभाळलं.”

“मग दोन पेट्या तुमच्या वेळी गेल्या की आधी, हे ते तरी कसं सांगणार?”

खुलाशाचे बळ त्या एका प्रश्नात होते. भाऊंनी साधेपणाने लिहिले, की मला लेखी चार्ज कधी दिला नाही, माल मोजून ताब्यात दिला नाही, आधीच्या नोंदी मला दाखवाव्यात. सातव्या दिवशी दुपारी कागद पोहोचला. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. चौकशी पाच महिने चालली. आधीच्या वहीतही तूट असल्याचे निघाले. भाऊंची नोकरी राहिली. एक वेतनवाढ मात्र गेली, कारण किल्ल्या घेतल्या तेव्हाच तक्रार करायला हवी होती, असे निकालात लिहिले होते. हा न्याय पुरा की अपुरा, यावर वस्तीत अजून वाद होतो. भाऊ त्या वादात पडत नाहीत. पण त्यांनी किल्ल्या परत केल्या त्या मात्र एकेक मोजून, यादी करून आणि सही घेऊन.

यावरून चार गोष्टी गाठीला बांधाव्यात. कोणी प्रेमाने “चार्ज सांभाळा” म्हटले, तर प्रेमानेच म्हणावे, “साहेब, दोन ओळी लिहून द्या.” ताबा घेताना आणि देताना मोजणी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. इंग्रजी कागद आला, तर नुसते डोके वाचून थांबू नये, शेवटची ओळ आणि तारीख आधी पाहावी. सही करायलाच लावली, तर सहीखाली ‘मिळाले’ आणि तारीख लिहावी. त्याने कागद मिळाल्याची नोंद होते, मजकूर कबूल केला असे होत नाही. आणि कळले नाही, तर त्याच दिवशी कळणाऱ्याकडे जावे. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता पेढा खाण्यात आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

भाऊंचा मुलगा अनेक दिवस आमची नजर चुकवत होता. एकदा आम्हीच त्याला गाठले आणि म्हणालो, “बाळ, चूक तुझी नव्हती. तुला एक अर्थ माहीत होता, तो तू प्रामाणिकपणे सांगितलास. आम्हाला दुसराही माहीत होता आणि आम्ही वाचण्याचे कष्ट घेतले नाहीत.” तेव्हा त्याने आम्हाला त्याची वही दाखवली. शब्दकोशातून त्याने चार्ज या शब्दाचे अर्थ उतरवून काढले होते, एकाखाली एक, आकडे घालून. वीसच्या पुढे गेले होते. इंग्रजीत ‘सेट’ नावाचा तीन अक्षरी शब्द आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत त्याचे चारशेवर अर्थ दिले आहेत. हे आम्ही त्याला सांगितले, तर तो म्हणाला, “काका, मग त्याचीपण वही करू.”

निकालाचा कागद आला त्या संध्याकाळी आम्ही मुद्दाम भाऊंकडे गेलो. या वेळी मुलाने तो सगळा वाचून दाखवला, खालच्या तारखेपर्यंत, जिथे अडला तिथे कोश उघडून. मग वहिनींनी चहा आणला. आमची नजर आपोआप बशीकडे गेली. ती रिकामी होती. वहिनी हसून म्हणाल्या, “पेढे आणलेत हो. पण आधी तुम्हीही एकदा वाचा, मग तोंड गोड करू.”

आम्ही चष्मा काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो.